धुरपदाबाईनं मागितलेली सुई

डॉ. अक्रम तांबोळींना राग कशाचा येतो हे दोन तालुक्यांना माहीत होतं. पेशंट स्टुलावर टेकला आणि कुठं दुखतंय हे सांगायच्या आधीच बाही वर सारायला लागला, की डॉक्टरांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. "बाही खाली घ्या. आधी तोंड उघडा," ते म्हणायचे. समोरचा माणूस बिचारा बुचकळ्यात पडायचा. दवाखान्यात यायचं ते सुईसाठी. नुसत्या गोळ्या काय, वाण्याच्या दुकानातसुद्धा मिळतात.

हॉस्पिटल एका ट्रस्टचं. शिरूर आणि दौंड तालुक्यांच्या हद्दीवर, नदीच्या दोन्ही काठांवरची गावं तिथंच यायची. मांडवगण फराट्याकडची, वडगाव रासाईकडची, पलीकडून पाटसकडची. अक्रम मूळ दौंडचा. सत्त्याण्णव साली तो इथं रुजू झाला तेव्हा वॉर्डात घशाच्या पेशंटला एकच नियम होता: आला की सलाइन, सकाळ-संध्याकाळ सुई, घरी जाताना आणखी एक. घसा सर्दीनं बसलाय की धुळीनं की खरंच जंतूनं सुजलाय, हे बघायच्या फंदात कुणी पडायचं नाही. बॅटरी लावून घसा बघणारा अक्रम पहिलाच.

त्याने हे सगळं बंद केलं. सर्दीपडशाचा घसा असेल तर मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, तापाची गोळी आणि आराम. अँटिबायोटिक नाही आणि सुई तर नाहीच नाही. कानीकपाळी ओरडून त्याने हे सांगितलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. लोक तोंडावर व्हय म्हणायचे आणि फाटकाबाहेर पडल्यावर म्हणायचे, "मिठाचं पाणी सांगायला डाक्टर कशाला पायजे? त्ये तर आमची म्हातारीबी सांगती." मग ते सरळ बाळासोकडे जायचे. बाळासो कधीकाळी पुण्यात कुठंतरी कंपाउंडर होता. आता मोटारसायकलच्या डिकीत सुया घेऊन वाड्यावस्त्यांवर हिंडायचा आणि ताप असो, घसा असो, कंबर असो, एकच मिश्रण टोचायचा. त्याच्या सुयांनी पिकलेली ढुंगणं चिरायला मात्र अक्रमकडे यायची.

ट्रस्टचे अध्यक्ष, ज्यांना सगळे आबा म्हणत, ते एकदा केबिनमध्ये येऊन बसले. "डॉक्टर, तुमचं शास्त्र खरं असंल. पण वॉर्ड रिकामा पडलाय. माणसं बाळासोला पैसं देत्यात आन् तुमचं फुकटचं ग्यान घेत न्हाईत. म्हंजी कायतरी चुकतंयच ना?" अक्रम म्हणाला, "चुकतंय लोकांचं." आबा चहा न घेता उठले.

घरी तरी सुख असावं ना? एका संध्याकाळी तो दौंडला पोचला तर आई, मेहरुनबी, ओट्यावर दंड चोळत बसलेली. घसा धरला होता म्हणे, म्हणून गल्लीतल्या एका जणाकडून टोचून आली होती. "तुझ्या गोळीनं काय होतं रे," ती म्हणाली. डॉक्टरच्या आईनं असं म्हटल्यावर इतरांकडून काय अपेक्षा करायची? त्या रात्री तो जेवला नाही. आईनंही आग्रह केला नाही, कारण तिला वाटलं पोराला पित्त झालंय.

अशा दिवसांत, ऊसतोडीच्या ऐन हंगामात, वडगाव रासाईची धुरपदाबाई आपल्या नातीला घेऊन आली. नातीचं नाव सोनम, वय आठ-नऊ. बाप ज्ञानदेव पाटसच्या कारखान्याला ट्रॅक्टरनं ऊस ओढत होता, आई बाळंतपणाला माहेरी. पोरगी तापानं फणफणली होती. थुंकीसुद्धा गिळवत नव्हती, त्यामुळे कालपासून पोटात पाणी नव्हतं. धुरपदाबाईनं तिला घोंगडीत गुंडाळून एसटीनं आणलं होतं.

धुरपदाबाई तरुणपणी नवऱ्याबरोबर मेंढरं घेऊन दरसाल कोकणात उतरायची आणि उन्हाळ्याच्या शेवटी घाट चढून परत यायची. आता घरी उसाचं रान होतं, आणि सवय मोडत नाही म्हणून पाळलेली थोडी मेंढरं आणि शेळ्या होत्या. म्हातारी काटक, बोलायला सरळ आणि डोळ्याला डोळा देऊन बघणारी. अक्रमला अशी माणसं एरवी आवडायची.

त्याने सोनमचा घसा बघितला. दोन्ही टॉन्सिल लालबुंद, वर पांढऱ्या पुवाचे ठिपके, जबड्याखाली गाठी सुजलेल्या. खोकला नाही, नाक गळत नाही. इतक्या दिवसांत शंभर घशांना तो नाही म्हणाला होता, पण हा घसा खरोखरच औषधाचा होता. याला पेनिसिलिन पाहिजे आणि तेही पुरतं पाहिजे. हा जंतू अर्धवट मारला तर घसा बरा होतो, पण मागाहून शरीर खवळतं आणि सांध्यांवर, हृदयावर उठतं. पुण्यात शिकताना त्याने अशी पोरं पाहिली होती. शाळेच्या वयात जिना चढताना धापा टाकणारी.

सलाइन लावून घेतलं आणि पोरगी जरा शुद्धीवर आली. तेव्हा धुरपदाबाई म्हणाली, "डाक्टर, हिला एक सुई द्या."

वॉर्डातल्या साऱ्या माना वळल्या. पलीकडच्या खाटेवर मांडवगणची एक बाई होती, दोन दिवस सुईसाठी भांडून आता रुसून पडलेली. दाराशी एक म्हातारा गुळण्यांचा तांब्या शेजारी ठेवून, तो न वापरता, बसला होता. साऱ्यांचे कान टवकारले.

"सुई नाही आजी. गोळ्या देतो, भारीतल्या."

"गोळ्यांचं आमच्यात काय खरं न्हाई," धुरपदाबाई म्हणाली. "घरात धा हात, धा तोंडं. एक सुई द्या, म्हंजी तुमच्या हातनं काम पुरं व्हईल. माझ्याकडं काय ऱ्हाणारच न्हाई."

कपाटात ती सुई होती. पेनिसिलिनचीच, लांब मुदतीची. एकदा टोचली की औषध कित्येक दिवस अंगात हळूहळू उतरत राहतं. दहा दिवसांच्या गोळ्यांचं काम एका सुईत. अक्रमला हे माहीत होतं, पुस्तकात होतं, त्याने परीक्षेतही लिहिलं होतं. पण आत्ता सगळ्यांदेखत ती सुई काढली तर? मांडवगणची बाई उठून बसेल. म्हातारा तांब्या लाथाडेल. उद्या नदीच्या दोन्ही काठांवर बोभाटा होईल की धुरपदाच्या नातीला टोचली आणि आम्हाला नाही, डॉक्टर तोंडं बघून देतो. सहा महिन्यांची मेहनत पाण्यात. शिवाय पेनिसिलिनच्या सुईनं एखाद्याला रिअ‍ॅक्शन येते, असंही त्याने मनाला बजावलं. ते खोटं नव्हतं, पण कारण ते नव्हतं.

"आजी," तो मुद्दाम मोठ्यानं, साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाला, "घशाला सुईनं काही होत नाही. हे लक्षात ठेवा."

धुरपदाबाई त्याच्या पाया पडायला वाकली. त्याने तिला वरच्यावर धरलं आणि त्याचा चेहरा आक्रसला, कारण त्याला ओशाळं वाटलं होतं आणि ओशाळं वाटलं की त्याला राग यायचा. संध्याकाळी सोनमनं चहा घेतला आणि चुरलेली गोळी गिळली. लंघे सिस्टर म्हणाल्या, "उतरली बरं का घशाखाली." अक्रमला लढाई जिंकल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ताप उतरणीला लागला आणि त्याने पोरीला घरी सोडलं. पुडी स्वतः बांधून धुरपदाबाईच्या हातात दिली. "दहा दिवस द्यायच्या. दोन-तीन दिवसांत ही खेळायला लागेल, तरी बंद करायच्या नाहीत. कळलं का?"

"व्हय."

"काय कळलं, सांगा बघू."

"धा दिस द्याच्या. ख्येळाया लागली तरी."

शब्दाला शब्द बरोबर. अक्रम खूश झाला. एवढं वाजवून घेतल्यावर डॉक्टरनं आणखी काय करायचं?

हंगाम संपत आला होता. दुपारच्या वेळी ज्ञानदेव सोनमला पाठीवर घेऊन वॉर्डात शिरला. मागून धुरपदाबाई. पोरीचा गुडघा नारळाएवढा सुजलेला आणि हात लावू देईना. दोन दिवसांपूर्वी दुसरा गुडघा असाच होता, तो आपोआप उतरला आणि दुखणं इकडं आलं, असं ज्ञानदेवनं सांगितलं. मुरगळलं असेल म्हणून त्यांनी आधी वस्तीवरच्या माणसाकडून चोळून घेतलं होतं. अक्रमनं ऐकून घेतलं. त्याने स्टेथोस्कोप पोरीच्या छातीवर टेकवला. ठोक्याच्या मागं एक बारीक आवाज होता, फुंकणीतून वारा जावा तसा. त्याने जागा बदलून पुन्हा ऐकलं. आवाज तिथंच होता.

"गोळ्या सगळ्या दिल्या होत्या?" त्याने विचारलं.

धुरपदाबाईनं कनवटीची चंची काढली, सुपारीच्या खांडांखालून कागदाची पुडी काढली आणि त्याच्यापुढं धरली. तिच्या चेहऱ्यावर चोरी नव्हती. उलट काटकसर करणाऱ्या बाईचं समाधान होतं. पुडीत निम्म्याहून जास्त गोळ्या होत्या.

"तिसऱ्या दिशी भाकर खाल्ली तिनं," ती म्हणाली. "कालवण आजून मागितलं. मग कशापायी द्याच्या? मेंढरू चराया लागलं का औशिद बंद करायचं. चरत्या जितराबाला औशिद घातलं तर त्ये अंगी लागत न्हाई, उलट कोठा जाळतं. आमच्या सासऱ्यापस्नं ह्येच चालत आलंय. ऱ्हायल्यालं ठिवायचं, म्होरल्याच्या कामी येतं. ह्यातल्या दोन थोरल्या सुनंला दिल्या, तिची दाढ ठणकत व्हती. एक करडाला दिली. बाकी हायती, मोजून घ्या."

अक्रमचा तोल गेला. "मी सांगितलं होतं ना? बोलून घेतलं होतं ना तुमच्याकडून? पोरगी म्हणजे मेंढरू वाटली का तुम्हाला? अहो, तिचं हृदय बिघडलंय. तुमच्या ह्या करडापायी पोरीच्या हृदयाला कायमचं..." तो थांबला, कारण सोनम त्याच्याकडे बघत होती. हृदय म्हणजे काय हे तिला कळत होतं, शाळेत शिकवलं होतं. तिने आपला हात छातीवर ठेवला. ज्ञानदेव खाली मान घालून उभा राहिला.

धुरपदाबाई घाबरली होती. पण तिने नजर हटवली नाही. "धा दिस म्हणला, ते ध्यानात व्हतं माझ्या," ती म्हणाली. "पर का, ते न्हाई सांगितलं तुम्ही. आन् डाक्टर, म्या तुमच्या पाया पडत व्हते. एक सुई द्या, माझ्याकडं काय ऱ्हाणार न्हाई, म्हणलं व्हतं. तुम्ही म्हणला, सुईनं काय व्हत न्हाई."

याला अक्रमकडं उत्तर होतं. एक सोडून चार उत्तरं होती. तुम्ही गोळ्या बंद केल्या, तुम्ही करडाला घातल्या, तुम्ही शब्द मोडला, तुम्ही सूज चोळत बसलात. चारही खरी होती. पण तिचं एक वाक्य त्या चारही उत्तरांना पुरून उरलं. तो केबिनमध्ये गेला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. राग तोच होता, रोजचाच, फक्त आता तो कुणावर काढायचा हे कळत नव्हतं. म्हातारीवर काढून झाला होता. बाळासोचा यात काही संबंध नव्हता. बाळासो बिचारा या वेळी स्वच्छ होता, आणि हे तर अक्रमला फारच झोंबलं.

त्याने स्वतः गाडी ठरवून त्यांना पुण्याला नेलं. तिथल्या हृदयाच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. झडप जराशी गळत होती. आराम आणि औषधांनी सांधे बरे होतील, आवाज कदाचित राहील, पण आता घसा पुन्हा धरता कामा नये. पुन्हा धरला तर झडप आणखी बिघडणार. म्हणून दर तीन आठवड्यांनी तीच लांब मुदतीची पेनिसिलिनची सुई, पोरगी विशीच्या पुढं जाईपर्यंत. सांगणारे डॉक्टर सौम्य होते. ते म्हणाले, "सुरुवातीला एक दिली असती तर बरं झालं असतं. तुमच्याकडे नव्हती का?" अक्रम म्हणाला, "होती."

सूज उतरून सोनम चालायला लागली आणि पुढच्या सुईचा दिवस आला. धुरपदाबाई तिला घेऊन आली, पण खाटेजवळ आल्यावर अडली. "पोरगी आता पळती, डाक्टर. भाकर खाती. धड लेकराला सुई कशापायी?"

अक्रमनं तोंड उघडलं ते ओरडायलाच. मग त्याने ते मिटलं आणि स्टूल ओढून तिच्यासमोर बसला. "आजी, पावसाळ्याच्या तोंडावर मेंढरांना लस टोचून घेता ना तुम्ही?"

"घेतो की. जनावरांचा डाक्टर येतो वस्तीवर."

"तेव्हा मेंढरं आजारी असतात?"

"छ्या. चांगली चरत असत्यात. रोग शिरू ने म्हून टोचायचं. एकदा शिरला का कळप जातो."

"हिचंही तसंच आहे. आजार गेलाय. तो परत शिरू नये म्हणून टोचायचं. एक पाळी चुकली तरी दार उघडं राहतं."

धुरपदाबाईनं क्षणभरही विचार केला नाही. "आस्सं व्हय," ती म्हणाली. "मग चुकायची न्हाई." आणि जरा वेळानं, कुठलाही टोमणा नसलेल्या आवाजात, "ह्ये गोळ्यांच्या वक्ताला आसंच सांगायचं व्हतं."

सुई जाड असते, औषध कालवलेल्या पिठासारखं घट्ट, आणि ती दुखते. सोनम मोठ्यानं रडली. पलीकडच्या खाटेवरचा सर्दी झालेला माणूस कोपरावर उठला आणि म्हणाला, "डाक्टर, मलाबी तसली एक द्या की." अक्रमनं त्याच्याकडं बघितलं. रोजचा राग छातीत वर आला आणि तिथंच बसला. मग तो त्या माणसाच्या खाटेवर टेकला आणि त्याला का नको आणि तिला का पाहिजे, हे सांगायला लागला. माणसानं सगळं ऐकून घेतलं, व्हय व्हय म्हटलं आणि संध्याकाळी वॉर्डातून निघून बाळासोकडे गेला. काही माणसं अशीच असतात, त्यांना कुणाचाच इलाज नसतो.

धुरपदाबाई मात्र चुकली नाही. एसटी बंद असली तर ज्ञानदेवच्या ट्रॅक्टरवर, ट्रॅक्टर कारखान्यावर असला तर दुधाच्या टेम्पोत, पण ठरल्या दिवशी आजी-नात दाराशी हजर. सोनम उंच झाली. पळताना तिला लवकर दम लागायचा, म्हणून शाळेत खो-खोच्या वेळी ती कडेला बसून चपला राखायची. हे तिने एकदा सुईची वाट बघताना सहज सांगितलं. अक्रम औषध हलवत होता, त्याचा हात थांबला.

लंघे सिस्टर कापूस आणायला बाहेर गेल्या. धुरपदाबाई नातीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "डाक्टर, एक इचारते. रागावू नका. तवा दिली असती, तर येवढ्या लागल्या असत्या का?"

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. गोळ्या पुऱ्या दिल्या असत्या तरीही इतक्या सुया लागल्या नसत्या. तेही खरंच होतं.

"नाही," अक्रम म्हणाला. "लागल्या नसत्या. ती एक पुरली असती."

धुरपदाबाईनं मान हलवली. हे तिला कधीचंच माहीत होतं, फक्त त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. इतकी वर्षं ती त्याला तुम्ही म्हणत आली होती. आता तिने सोनमच्या डोळ्यांवर पदर ओढला आणि म्हणाली, "टोच मग. हळू टोच, बाबा. रडती ती."